निजलेली मोटार आणि जागती बॅटरी



आज मी ज्या विषयावर बोलणार आहें तो प्रथमदर्शनीं आपणांस थोडा परका वाटेल. जुन्या वळणाची एक स्पोर्ट्स मोटार, इंग्लंडमधील हिवाळा, आणि त्या हिवाळ्यांत चार-पांच महिने गॅरेजमध्यें बंद राहणाऱ्या मोटारीची बॅटरी, या तिहींशीं आपला संबंध काय, असें कोणी विचारलें तर तो प्रश्न गैर म्हणतां येणार नाहीं. परंतु ज्या जातीच्या बॅटरीविषयीं मी सांगणार आहें, तिचीच एक बहीण आज आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं इन्व्हर्टरच्या शेजारीं बसलेली असते, आणि दुसरी दारांत उभ्या असलेल्या गाडींत असते. शिवाय ही हकीगत माझ्या हातून घडलेल्या एका चुकीची आहे. चूक परदेशांत घडली म्हणून तिच्यापासून मिळणारा धडा कांहीं परका होत नाहीं.

कांहीं वर्षें नोकरीच्या निमित्तानें मी इंग्लंडच्या उत्तर भागांत, यॉर्कशायरमधील एका लहानशा गांवीं राहत होतों. शेजारच्या घरांत एक सेवानिवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी राहत असत. मी त्यांना मनांतल्या मनांत गुरुजी म्हणत असें, आणि येथेंही तसेंच म्हणतों. त्यांची एकुलती एक मुलगी लग्न होऊन दूर गेलेली; त्यामुळें घरांतील तिसरें माणूस म्हणावें अशी त्यांची मोटारच होती. ती १९६५ सालची, एम्.जी.बी. जातीची, दोन माणसांपुरती, गर्द हिरव्या रंगाची आणि उघड्या टपाची. एम्.जी.बी. ही मोटार १९६२ पासून १९८० पर्यंत ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन येथील कारखान्यांत तयार होत असे, आणि अशा पांच लाखांहून अधिक गाड्या तेथून बाहेर पडल्या. तिच्यांत फार ऐश्वर्य नव्हतें. पण बेताच्या मिळकतीच्या माणसाला परवडेल आणि घरच्या घरीं दुरुस्त करतां येईल अशी ती असल्यामुळें तिच्यावर माया करणारीं माणसें अजूनही त्या देशांत गांवोगांवीं आढळतात.

हीं माणसें ऑक्टोबर संपतां संपतां आपली गाडी झांकून ठेवतात आणि मार्च-एप्रिलमध्यें बाहेर काढतात. याचें कारण केवळ थंडी नव्हे. तिकडे रस्त्यांवर बर्फ धरूं नये म्हणून मीठ पसरतात, आणि तें खारें पाणी जुन्या गाडीच्या पोलादी पत्र्याला लागलें म्हणजे गंज पत्रा खाऊन टाकतो. म्हणून गाडीला चार-पांच महिने विश्रांति देणें भाग पडतें. गाडी विश्रांति घेते. तिची बॅटरी मात्र घेत नाहीं, आणि हीच गोष्ट मला ठाऊक नव्हती.

२०१० सालच्या ऑक्टोबर महिन्यांत गुरुजी आजारी पडले, आणि त्यांना दूरच्या शहरांतील रुग्णालयांत हिवाळाभर राहावें लागेल असें ठरलें. जाण्याच्या आदल्या दिवशीं त्यांनीं गॅरेजची आणि मोटारीची किल्ली माझ्या हातीं दिली आणि म्हणाले, "बॅटरीकडे तेवढें लक्ष असूं द्या." मीं मोठ्या आत्मविश्वासानें होकार दिला. लक्ष द्यावयाचें म्हणजे काय करावयाचें, हें विचारणें मला त्या वेळीं कमीपणाचें वाटलें असावें.

मग मीं एक व्रतच घेतलें. दर रविवारीं सकाळीं गॅरेज उघडावें, किल्ली फिरवावी, पांच-दहा मिनिटें इंजिन चालू ठेवावें आणि बंद करावें. किल्लीचा पहिला वळसा दिला कीं या गाडीचा पेट्रोल ओढणारा विजेचा पंप टक् टक् असा आवाज करूं लागतो, आणि पेट्रोल भरलें म्हणजे थांबतो. तो आवाज ऐकूं आला कीं शेजारच्या बाई स्वयंपाकघराची खिडकी उघडून उभ्या राहत. गाडी बोलते आहे, म्हणजे घरधनी परत येणार, अशी कांहींशी त्यांची समजूत झाली असावी. त्यामुळें माझें व्रत मला अधिकच पुण्यप्रद वाटूं लागलें.

डिसेंबर उजाडला. ब्रिटनमधील १९१० पासूनच्या नोंदी पाहिल्या तर २०१० च्या डिसेंबराइतका थंड डिसेंबर त्यांत दुसरा नाहीं. एका रविवारीं मीं किल्ली फिरविली, तों पंपानें दोन-चार मरगळलेले टोले दिले आणि तो गप्प झाला. थंडी ओसरली कीं पाहूं, असें म्हणून मीं दार लोटलें. आणि मग सुट्टी, प्रवास व कामें यांत दोन-अडीच महिने निघून गेले.

मार्चमध्यें गुरुजी घरीं आले. अंगांत फारसें त्राण उरलें नव्हतें. काठी टेकीत ते गॅरेजमध्यें आले, गाडींत बसले आणि त्यांनीं किल्ली फिरविली. कांहींच ऐकूं आलें नाहीं. खिडकींत बाई उभ्या होत्या. आम्हीं आसनांमागील झांकण उचलून पाहिलें. त्या सालच्या एम्.जी.बी.मध्यें सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आसनांच्या मागें, तळाशीं, लोखंडी पेट्यांत बसविलेल्या असतात. त्यांपैकीं एकीचें कवच उभें तडकलें होतें, आणि तिच्यांतून पाझरलेल्या आम्लानें खालची पेटी खाऊन टाकली होती. गुरुजी रागावले नाहींत. थोडा वेळ थांबून ते इतकेंच म्हणाले, "तुम्हीं तिला दर रविवारीं उठविलें, पण जेवूं घातलें नाहीं."

या वाक्याचा अर्थ समजून घेणें हाच आजच्या भाषणाचा विषय होय.

शिशाच्या बॅटरीचा शोध १८५९ सालीं गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें लावला. तिच्या घडणींत पुढें पुष्कळ सुधारणा झाल्या, पण मूळ तत्त्व आजतागायत तेंच आहे. पातळ गंधकाम्लांत दोन प्रकारच्या पट्ट्या उभ्या असतात. एक शिशाची आणि दुसरी शिशाच्या तपकिरी ऑक्साइडची. अशा प्रत्येक घटापासून दोन व्होल्टच्या थोडा वर दाब मिळतो, म्हणून सहा घट मिळून बारा व्होल्टची बॅटरी होते. बॅटरी वीज देऊं लागली कीं आम्लांतील गंधकाचा अंश दोन्ही पट्ट्यांवर जाऊन बसतो, त्यांच्यावर शिशाच्या सल्फेटचा थर चढतो, आणि मागें राहिलेलें आम्ल अधिकाधिक पाणचट होत जातें. उलट बाहेरून वीज भरली कीं तो थर नाहींसा होतो आणि आम्ल पुन्हां तेज होतें.

एवढ्या एका गोष्टींतून दोन संकटें उद्भवतात. पहिलें संकट त्या थराचें. ताजा थर पिठीसाखरेसारखा असतो. वीज मिळाली कीं तो सहज विरतो. परंतु बॅटरी रिकामी अगर अर्धी रिकामी अशी आठवड्यांमागून आठवडे पडून राहिली, तर त्याच पिठीसाखरेची खडीसाखर बनते. स्फटिक मोठे व कठीण होतात, मग कितीही वीज भरली तरी ते पुरते विरत नाहींत, आणि बॅटरीची धारणाशक्ति कायमची घटते.

दुसरें संकट गोठण्याचें. पूर्ण भरलेल्या बॅटरींतील आम्ल गोठावयास शून्याखालीं सुमारें ६० अंश सेल्सिअसची थंडी लागते. अर्ध्या भरलेल्या बॅटरीचें आम्ल शून्याखालीं २५ अंशांच्या आसपास गोठतें. पार रिकाम्या बॅटरींत मात्र जवळजवळ पाणीच उरलेलें असतें, आणि तें शून्याखालीं ७-८ अंशांवरही गोठूं शकतें. पाणी गोठतांना फुगतें, आणि कवच तडकतें. आमच्या गॅरेजमध्यें घडलें तें हेंच.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. बॅटरी नुसती पडून राहिली तरी आंतल्या आंत थोडी थोडी झिजत असते, आणि उष्णतामान १० अंशांनीं वाढलें कीं ही झीज सुमारें दुप्पट होते. म्हणजे थंड जागेंत ठेवलेली भरलेली बॅटरी उबदार जागेंतील बॅटरीपेक्षां अधिक काळ टिकते. थंडी ही भरल्या बॅटरीची मैत्रीण आणि रित्या बॅटरीची वैरीण आहे. दोष थंडीचा नव्हता. रित्या पोटीं तिला थंडींत निजविणाऱ्याचा होता.

आतां माझ्या व्रताचा हिशेब पाहूं. थंड इंजिन फिरवावयास स्टार्टर सुमारें २०० अँपियर प्रवाह ओढतो असें धरा. दहा-दहा सेकंदांचे तीन प्रयत्न झाले, तर दीड अँपियर-तासाहून अधिक वीज खर्च होते. ती परत कोणी द्यावयाची? १९६७ पर्यंतच्या एम्.जी.बी. गाड्यांत डायनॅमो असे, आणि इंजिन संथ फिरत असतांना डायनॅमो जवळजवळ कांहींच देत नाहीं. उलट पंप आणि ठिणगी पाडणारी कॉइल यांचा खर्च बॅटरीच्याच खात्यावर पडतो. त्यानंतरच्या गाड्यांतील आल्टर्नेटर या बाबतींत पुष्कळ बरा. पण थंड बॅटरी वीज घेते तीही सावकाश, म्हणून पांच-दहा मिनिटांत त्याच्याकडूनही पुरी भरपाई होत नाहीं. मी दर रविवारीं खात्यांतून रक्कम काढीत होतों आणि भरणा केल्याचें समाधान मानीत होतों. शिवाय इंजिन पुरतें तापण्यापूर्वींच बंद केल्यानें जळणांतून निघालेली वाफ तेलांत आणि धुराच्या नळींत थंड होऊन साचते, व तेथें गंज सुरू होतो. तात्पर्य, गाडी चालू करावयाची तर तिला चांगली अर्धा-पाऊण तास रस्त्यावर न्यावी. तें जमणार नसेल तर मुळींच चालू करूं नये.

त्या वर्षीं नव्या बॅटऱ्या आणल्या, आणि लोखंडी पेटी कापून नवी बसविली. त्या कामाच्या वेळीं गुरुजी गॅरेजच्या दारांत खुर्ची टाकून बसत, ते सांगत आणि मी करीत असें. त्यांनीं सांगितलेलें आणि पुढें मीं स्वतः पडताळून पाहिलेलें मी आतां क्रमानें सांगतों.

पहिली गोष्ट, गाडी ठेवण्यापूर्वीं बॅटरी पूर्ण भरावी. ती भरली किंवा नाहीं हें अंदाजानें ठरवूं नये. चार्जर काढून बॅटरी रात्रभर तशीच ठेवावी आणि सकाळीं व्होल्टमीटर लावावा. १२.६ ते १२.७ व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ म्हणजे जवळजवळ रिकामी. आंकड्यांतील फरक दिसावयास किती थोडा, आणि अर्थानें किती मोठा, हें पहा. ज्या बॅटरीचीं बुचें उघडतां येतात तिच्यांत हायड्रोमीटर घालून आम्लाचें विशिष्ट गुरुत्वही मोजावें. भरलेल्या घटांत तें १.२८ च्या आसपास असतें. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर भरण्यापूर्वीं त्या बुडतील इतकेंच डिस्टिल्ड पाणी घालावें, आणि खुणेपर्यंतचें पाणी वीज भरून झाल्यावर घालावें. नळाचें पाणी घालूं नये, आणि आम्ल तर मुळींच नाहीं.

जेथें सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात तेथें दोघींची परीक्षा वेगवेगळी करावी. त्या एका जुवाला जुंपलेल्या बैलांसारख्या असतात. एक बसका निघाला कीं दुसऱ्यानें कितीही ओढलें तरी गाडा चालत नाहीं. दोघींचा एकत्र दाब पाहिला तर दुबळी कोणती हें कळत नाहीं, आणि तीच आधीं गोठते. प्रत्येकीचा दाब ६.३ व्होल्टच्या आसपास असावा. एक मागें पडली असेल तर तिला सहा व्होल्टच्या चार्जरनें वेगळी भरावी.

दुसरी गोष्ट, बॅटरीची तार सोडवून ठेवावी. गाडी बंद असली तरी घड्याळ, रेडिओ, चोरघंटा यांसारखीं यंत्रें थोडी थोडी वीज पीत असतात. ५० मिलिअँपियर हा प्रवाह क्षुल्लक वाटतो. पण त्याचे दिवसाला १.२ अँपियर-तास होतात, आणि ५० अँपियर-तासांची बॅटरी चाळीसएक दिवसांत रिकामी होते. तार सोडवितांना जी तार गाडीच्या अंगाला जोडलेली असते ती प्रथम काढावी आणि पुन्हां लावतांना ती शेवटीं लावावी. कारण दुसरी तार प्रथम सोडवूं गेल्यास हातांतील पाना पत्र्याला टेकतो आणि ठिणग्यांचा लोळ उठतो. सर्वसाधारण पुस्तकांत 'ऋण टोक आधीं काढा' असें लिहिलेलें असतें, आणि आजच्या गाड्यांना तें लागूही पडतें. पण १९६७ पर्यंतच्या एम्.जी.बी.मध्यें गाडीच्या अंगाला धन टोक जोडलेलें असे. म्हणून नियम पाठ करण्याऐवजीं त्याचें कारण ध्यानांत ठेवावें, आणि प्रत्यक्ष तार कोठें जाते हें डोळ्यांनीं पाहावें.

तिसरी गोष्ट, हिवाळाभर तिला थोडें थोडें जेवूं घालावें. पूर्वीं यासाठीं जे साधे चार्जर मिळत ते बॅटरी भरली तरी वीज ढकलीतच राहत. त्यामुळें पाणी आटे आणि पट्ट्या झिजत. उपासानें माणूस जातें, तसें अजीर्णानेंही जातें. हल्लीं मिळणारे नियंत्रित चार्जर बॅटरी भरली कीं आपला दाब साडेतेरा व्होल्टच्या आसपास आणून ठेवतात आणि झीज भरून निघेल इतकेंच देतात. असा चार्जर चार महिने लावून ठेवतां येतो; तरी महिन्यांतून एकदां जाऊन पाहावें. गॅरेजमध्यें विजेची सोय नसेल तर बॅटरी घरीं आणून थंड, कोरड्या जागीं ठेवावी, आणि दर महिना-सवा महिन्यानें भरावी. सिमेंटच्या जमिनीवर ठेवली तर बॅटरी उतरते, असें जुने लोक सांगतात. लांकडी पेटीच्या जुन्या बॅटऱ्यांच्या काळीं ओलसर जमिनीमुळें तसें होऊं शकत असे. आजच्या प्लॅस्टिकच्या कवचाला तें भय नाहीं.

चौथी गोष्ट जपण्याची. वीज भरतांना बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो, आणि तो एका ठिणगीनें पेट घेतो. म्हणून चार्जरचे चिमटे आधीं लावावे आणि मग भिंतीवरचें बटण दाबावें. काढतांना बटण आधीं बंद करावें. जवळ विडी-काडी आणूं नये, खिडकी उघडी ठेवावी, डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा. सांडलेल्या आम्लावर खाण्याच्या सोड्याचें पाणी ओतलें म्हणजे त्याचा दाह शमतो. गोठलेल्या बॅटरीला चार्जर लावूं नये. ती उबदार जागीं पूर्ण वितळूं द्यावी, आणि कवच तडकलेलें दिसलें तर तिचा मोह सोडावा.

शेवटचें सांगणें असें, कीं आपली बॅटरी कोणत्या प्रकारची आहे हें तिच्या अंगावर वाचून त्याला साजेसा चार्जर निवडावा. हल्लीं कित्येक जुन्या गाड्यांत बंद घडणीच्या, कांचतंतूंत आम्ल जिरविलेल्या बॅटऱ्या बसवितात. त्यांत पाणी घालावयाचें नसतें. लिथियमच्या बॅटऱ्या तर निराळ्याच कुळांतल्या. त्यांना स्वतंत्र चार्जर लागतो, आणि उष्णतामान शून्याखालीं असतांना त्या भरूं नयेत.

आतां आपल्या घराकडे वळूं. पुण्या-मुंबईस गोठण्याचें संकट नाहीं, पण झिजण्याचें संकट इंग्लंडपेक्षां अधिक आहे, कारण आपल्याकडील उष्मा ती झीज वाढवितो. पावसाळाभर झांकून ठेवलेली जुनी मोटार असो, कीं महिनाभर गांवीं जातांना दारांत सोडलेली नेहमीची गाडी असो, तिला भरल्या पोटीं निजवावी. इन्व्हर्टरच्या बॅटरीचें पाणी आपण शेवटचें केव्हां पाहिलें, हाही प्रश्न आज घरोघरीं विचारण्यासारखा आहे.

गुरुजी त्या वर्षीं जूनमध्यें पुन्हां गाडी चालवूं लागले. एके दिवशीं तीं दोघें समुद्रकांठीं व्हिटबीला जाऊन आलीं. पुढच्या हिवाळ्यांत गुरुजी गेले. गाडी मुलीच्या नांवें झाली, पण ती न्यावयास तिला सवड होईपर्यंत, आणखी तीन हिवाळे, ती त्याच गॅरेजमध्यें राहिली. त्या तिन्ही हिवाळ्यांत मीं एकदांही इंजिन चालू केलें नाहीं. महिन्यांतून एकदां जाऊन व्होल्टमीटर लावी, आंकडा वहींत लिही, आणि दार लावून घेईं. बाईंना प्रथम हें चमत्कारिक वाटलें. गाडी आतां बोलत नाहीं, असें त्या म्हणत. मी त्यांना सांगे, मार्चपर्यंत थांबा. मार्चमध्यें मीं तार जोडून किल्लीचा पहिला वळसा दिला. पंप टक् टक् करूं लागला, आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडली.